ओल्या जिन्याची वाटणी

मी, खाली सही करणारी तेओफिला सोवा, वय अठ्ठ्याहत्तर, जन्म लुब्लिनचाच, धंदा लोकांना हसवणे, सध्या तोही बंद, राहणार नारुतोविच रस्ता, दुसरा मजला, आज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहून ठेवते की माझे डोके जागेवर आहे. जी बाई जन्मभर डोक्याला फडके बांधून आणि हातात पोछा घेऊन लोकांसमोर उभी राहिली, तिने हे वेगळे लिहून देणे बरे, असे नोटरीसाहेबांचे मत पडले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. बहीण आपोलोनियाने आणून पाहिले, पण ते पालथ्या घड्यावर पाणी ठरले.

नोटरीसाहेबांनी समजावले ते असे: "बाई, सगळं स्वतःच्या हातानं लिहा. तारीख घाला, सही करा. साक्षीदार लागतच नाहीत."

मी म्हटले, "साहेब, प्रेक्षक नसताना मी कधी एंट्री घेतलेली नाही. दोन तरी पाहिजेत."

"मग ठेवा दोन. पण ज्याला काही द्यायचंय त्याला साक्षीदार करू नका. जो साक्षीदार, त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. कायदाच तसा आहे."

म्हणून साक्षीदार दोन ठरवले. एक, पहिल्या मजल्यावरच्या वालेंतीनाबाई, ज्या आमच्या नाटकगृहात जन्मभर प्रॉम्प्टर होत्या आणि अजूनही समोरचा बोलत असताना त्याच्या आधी ओठ हलवतात. दुसरे, शेजारचे निवृत्त भूगोल शिक्षक पांक्रात्सी, ज्यांना मी काहीही देणार नाही. त्यांनी माझी शिडी नेली आहे ती त्यांच्याकडेच राहो.

या पहिल्या पानावर बुटाचा ठसा आहे, तो माझाच आहे. मघाशी कागद टेबलावरून खाली पडला. आमच्या नटांत संहिता जमिनीवर पडली तर उचलण्याआधी तिच्यावर पाय देतात, नाहीतर भूमिका पडते. मृत्युपत्र पडल्यावर काय पडते ते मला माहीत नाही, पण मी धोका पत्करला नाही. हा ठसा दाखवून कोणी कोर्टात जाऊ नये.

कलम पहिले. घर.

राहते घर, त्यातल्या चिनी मातीच्या भांड्यांच्या कपाटासह आणि कपाटाच्या न उघडणाऱ्या खणासह, माझी भाची रोझालिया हिला द्यावे. ती दातांची डॉक्टर आहे आणि लोक तिच्याकडे रडत येतात, तरी घराण्यात माझ्या विनोदाला योग्य जागी हसणारी तीच एक निघाली. अट एकच. स्वयंपाकघरातल्या दाराशेजारी एक मोठा खिळा आहे तो काढायचा नाही. त्यावर माझ्या आईचा पोछा टांगला जायचा.

आई याच इमारतीची जिनेवाली होती. जिने धुणे, फाटक लावणे, कोण कोणाकडे किती वाजता गेले ते ध्यानात ठेवणे आणि विचारल्यावर मूग गिळून बसणे, ही तिची नोकरी. आम्ही तेव्हा तळघरात राहत होतो. मी नटी झाल्यावर दुसऱ्या मजल्यावर गेले. आईला म्हटले, "आई, आता तू वर राहायचं, जिना दुसरी कोणी धुवेल." ती वर राहायला आली, पण जिना तीच धुवत राहिली, कारण दुसरीने धुतलेला तिला पटेना.

कलम दुसरे. बहीण.

माझ्या कोटाची कोल्ह्याच्या कातड्याची कॉलर थोरली बहीण आपोलोनिया हिला द्यावी. तिने ती माझ्याकडे दर हिवाळ्यात बघितली आहे आणि दर हिवाळ्यात म्हटले आहे, "काय बाई थाट!" ही तीच आपोलोनिया, जिने मी नाटकगृहात लागल्यावर चर्चमधल्या सगळ्या बायकांना सांगितले की तेओफिला ऑफिसात लागली. पुढे मी सिनेमात दिसले तेव्हा फादरांनी विचारले, तर म्हणाली, "ती वेगळी. आमच्या तेओफिलासारखी दिसते खरी, बिचारी." तो बिचारी शब्द मी विसरलेले नाही.

तरी कॉलर तिचीच. फक्त ती घालून रविवारी चर्चला जावे, आणि कोणी विचारले कोणाची, तर मोठ्याने सांगावे, "माझ्या नटी बहिणीची." रोझालियाने शेजारी उभे राहून ऐकावे. न सांगितल्यास कॉलर परत घ्यावी.

कलम तिसरे. पडदा.

सोवा म्हणजे घुबड. आडनावच असे असल्यावर नायिकेचे काम कोण देणार? आरशाने आडनावाला दुजोरा दिला. नाट्यशाळेत शेवटच्या परीक्षेला मी प्रेमभंग झालेल्या राजकन्येचा प्रवेश केला आणि परीक्षक हसून हसून टेबलावर आडवे झाले. मी विंगेत येऊन ढसाढसा रडले. मग डोळे पुसले आणि विचार केला, एवढी माणसे हसली, म्हणजे हातात काहीतरी आहे; राजकन्येचे बघू नंतर. ते नंतर अजून आलेले नाही.

वॉर्साच्या स्टुडिओत मी स्वयंपाकिणी केल्या, सासवा केल्या, ट्रॅक्टर चालवणारी नन केली. पडद्यावर मला फार मजा आली असे म्हणवत नाही. तिथे तुम्ही विनोद करता मंगळवारी आणि माणसे हसतात पुढल्या वर्षी. तरी दूरदर्शनवरची मालिका मोठी चालली. तिच्यात मी मांसाच्या दुकानात काउंटरमागे उभी असे. तेव्हा मांसाची टंचाई होती, खऱ्या दुकानांत मांस टांगायच्या आकड्यांना फक्त आकडे लटकत. मी रांगेत उभी राहिले की बायका वळून बघत.

"ही बघा, हिच्याकडे काउंटरखाली दडवलेलं असतं आणि ही रांगेत उभी!"

"अहो, मी नटी आहे."

"सगळ्या तसंच म्हणतात."

एकीने तर माझ्या पिशवीत हात घालून बघितले. बीट निघाले. त्या मालिकेतला पांढरा एप्रन कपाटात आहे, तो नगरपालिकेच्या संग्रहालयाला द्यावा आणि खाली पाटी लावावी की हिच्याकडे खरोखर काही नव्हते.

कलम चौथे. कॅनरी.

मी लिहिलेल्या प्रवेशांत लोकांना सर्वांत जास्त आवडला तो "ओला जिना". ज्यांनी तो बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. जिनेवालीने नुकताच जिना धुतला आहे. पोस्टमनला दुसऱ्या मजल्यावर पार्सल पोहोचवायचे आहे. तो विचारतो, वर जाऊ? ती म्हणते, जिना ओला आहे. बस, एवढेच. पाऊण तास पोस्टमन काही वर जात नाही.

कम्युनिस्ट राजवटीच्या त्या काळात प्रत्येक प्रवेश आधी सरकारी तपासनिसाला दाखवावा लागे. आमचा तपासनीस सभ्य होता, चहा देई. त्याने संहिता वाचली आणि चष्मा काढला.

"बाई, हा जिना ओला का आहे?"

"धुतलाय म्हणून."

"कोणी धुवायला सांगितला?"

"कोणी नाही. शनिवार आहे."

"सामान्य माणसाला वर जाता येत नाही, असं तुम्हाला सुचवायचंय?"

"पोस्टमनला जाता येत नाही. पाय उमटतील."

त्याने बराच वेळ छताकडे बघितले. मग हळूच विचारले, "दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं?"

मी काही ठरवलेलेच नव्हते. तोंडातून निघाले, "एक विधवा. आणि तिचा कॅनरी."

"मग तसं लिहा," तो म्हणाला. "म्हणजे दुसरं कोणी राहत नाही हे स्पष्ट होईल."

मी लिहिले. जिनेवाली दर थोड्या वेळाने सांगू लागली की वर दुसरे कोणी राहत नाही, फक्त एक विधवा आणि कॅनरी, आणि प्रेक्षक खुर्च्यांवरून खाली येऊ लागले. प्रवेशातला सर्वांत मोठा हशा त्या माणसाने मिळवून दिला. तो जिवंत असल्यास माझ्या पियानोवरचा मातीचा कॅनरी त्याला द्यावा. नसल्यास त्याच्या कबरीवर ठेवावा. चोरीला गेला तर तपास करू नये.

कलम पाचवे. शब्द आणि पाय.

आता ज्याच्यासाठी हे सगळे लिहायला घेतले त्याकडे येते.

"ओला जिना"चा पोस्टमन बोगुमिल स्रोका. त्याची माझी रंगमंचावर तीस वर्षांची जोडी. लोकांना वाटे आम्ही नवराबायको. तसे काही नव्हते, नवराबायको एवढा वेळ एकमेकांचे ऐकत नाहीत. शब्द मी लिहिले, ते आईचे होते; जिना धुतला की ती सगळ्यांवर हेच ओरडायची. पण पहिल्या तालमीला पोस्टमन वाद घालत होता आणि प्रवेश चालत नव्हता. बोगुमिल म्हणाला, "तेओ, मी वाद घालतच नाही. मी फक्त पाय उचलतो." त्याने पहिल्या पायरीवर पाय उचलला, हवेत धरला आणि माझ्याकडे बघितले. मी म्हटले, जिना ओला आहे. त्याने पाय खाली घेतला. तालमीच्या खोलीतला सुतार हातोडी ठेवून हसायला लागला. तेव्हापासून आमची वाटणी ठरली: शब्द माझे, पाय त्याचा.

आमच्याकडे नाटकाचा शेवटचा प्रयोग हिरवा असतो. हिरव्या प्रयोगाला नट एकमेकांच्या खोड्या काढतात, मात्र प्रेक्षकांना पत्ता लागता कामा नये. ज्याला रंगमंचावर हसू आवरले नाही तो शिजला, असे आम्ही म्हणतो. शिजलेल्याने पार्टी द्यायची. मी जन्मात कधी शिजले नाही. ही बढाई नाही, लुब्लिनच्या कोणत्याही नटाला विचारा. बोगुमिलने मला शिजवायला काय काय केले! एका डिसेंबरात त्याने माझ्या बादलीत नाताळचा जिवंत कार्प मासा सोडला. मी पोछा बुडवला, मासा उसळला, पाणी तोंडावर. मी माशाकडे बघितले आणि म्हटले, "तूही वर जायचं नाहीस. जिना ओला आहे." बोगुमिल तिथेच शिजला, विंगेतले शिजले, प्रॉम्प्टरच्या पेटीतून वालेंतीनाबाईंचा रडण्यासारखा आवाज आला. मी नाही. मासा घरी नेला आणि नाताळच्या आदल्या रात्री आईने तो तळला.

आठ वर्षांपूर्वी "ओला जिना"चा शेवटचा हिरवा प्रयोग झाला. नाटकगृह दुरुस्तीला जाणार होते. बोगुमिलने पाय उचलला आणि माझ्याकडे बघितले. मी तोंड उघडले, आणि वाक्य नव्हते.

तीन शब्दांचे वाक्य. माझ्या आईचे वाक्य. जिथे असायचे तिथे पांढरी भिंत होती. मी पेटीकडे बघितले, पण हिरव्या प्रयोगाला वालेंतीनाबाई पुस्तक मिटून बसत. त्यांना वाटले मी खोडी काढते आहे, आणि त्या तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. बोगुमिललाही तेच वाटले. त्याच्या डोळ्यांत चमक आली. त्याला वाटले, तेओने तीस वर्षांतली सर्वांत मोठी खोडी काढली. आणि तो हात वर करून, पार्सल डोक्यावर धरून, जिना चढून गेला.

तीस वर्षांत पोस्टमन पहिल्यांदा वर पोहोचला. लोक उभे राहिले, ओरडले, टोप्या उडाल्या. माझा सर्वोत्तम प्रयोग, असे दुसऱ्या दिवशी पेपरात आले. मी खाली पोछा धरून उभी होते आणि मला माझे नावही त्या वेळी आठवले नसते.

बोगुमिल वरून खाली बघताच समजला. दुसऱ्या दिवशी कार्नेशनची फुले घेऊन आला, मी दार उघडले नाही. दारातूनच म्हटले, "तू माझ्या जिन्यावरून गेलास." तो म्हणाला, "तेओ, मला कसं कळणार?" कळायला हवे होते असे मला तेव्हा वाटले आणि खरे सांगायचे तर अजूनही वाटते. त्याने पुन्हा पोस्टमन केला नाही. दर वर्षी माझ्या नामदिनाला, म्हणजे ज्या संताचे नाव मला मिळाले त्याच्या दिवशी, तो पहिल्या मजल्यावर वालेंतीनाबाईंकडे एक त्सेबुलाश ठेवून जातो, कांदा आणि खसखस लावलेली आमच्याकडची रोटी, भट्टीतून काढलेली गरम. मी ती खाते. निरोप पाठवत नाही.

डॉक्टर म्हणाले डोक्यात काही नाही, थकवा होता. असेल. पण त्या रात्रीनंतर ते वाक्य माझ्या तोंडून निघालेले नाही. लिहिता येते, हे वर लिहिलेच आहे. म्हणायला गेले की जीभ टाळूला चिकटते. मी घरात एकटी असताना, आरशासमोर, आंघोळ करताना म्हणून पाहिले. रोझालियासमोर एकदा म्हणायला गेले आणि पाणी मागितले. म्हणून मी रंगमंच सोडला, लोक सांगतात तसा मानधनावरून नाही.

मागच्या महिन्यात नाटकगृहातली मेलानिया नावाची नटी आली. तरतरीत मुलगी, नाक माझ्यासारखेच, देव तिचे भले करो. म्हणाली, "तेओफिलाबाई, नववर्षाच्या आदल्या दिवशी आम्हाला 'ओला जिना' करायचाय. परवानगी द्या, आणि एकदा म्हणून दाखवा ना, कसं म्हणायचं ते." परवानगी देता आली असती. म्हणून दाखवता आले नसते. मी तिला चहा पाजला आणि हवामानावर बोलले.

हा प्रवेश माझ्याबरोबर मरावा असे मला वाटत नाही. एवढी एकच वस्तू आहे जी मी आईकडून घेतली आणि मोठी करून ठेवली. सबब, "ओला जिना" या प्रवेशातले सर्व शब्द, जिनेवालीचे, विधवेबद्दलचे आणि कॅनरीबद्दलचे, माझ्या मृत्यूनंतर बोगुमिल स्रोका याला द्यावेत. पाय त्याचा आहेच. शब्द आणि पाय एका हाती आले की त्याने ते मेलानियाला शिकवावेत. हे मी त्याला माफ केले म्हणून देत नाही. ते वाक्य कसे म्हणायचे हे माझ्याशिवाय फक्त त्यालाच ठाऊक आहे, म्हणून देते.

कलम सहावे. अंत्यविधी.

लिपोवा रस्त्यावरच्या दफनभूमीत, आईशेजारी. विनोद करू नयेत. ज्यांना मी जिवंत असताना मला हसवता आले नाही त्यांनी मेल्यावर प्रयत्न करणे बरे दिसत नाही. नंतरच्या जेवणात पिएरोगी, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, आपोलोनियाच्या हातचे नसावेत, ती सारणात काटकसर करते.

इथपर्यंत बुधवारी लिहून झाले होते. फक्त सह्या राहिल्या होत्या.

पुरवणी. गुरुवार, माझा नामदिन.

सकाळी साक्षीदार बोलावले होते. पांक्रात्सी आले नाहीत. माझ्याच शिडीवरून उतरताना त्यांचा घोटा मुरगळला, असा वालेंतीनाबाईंनी निरोप आणला. मी कागद हातात घेऊन त्यांना सोडायला जिन्यापर्यंत आले. नाताळ आला म्हणून सफाईवाली जिना धुऊन नुकतीच गेली होती. पायऱ्यांवरून पाणी निथळत होते, बादली कोपऱ्यात होती. वालेंतीनाबाई कठड्याला धरून पहिल्या मजल्यावर आपल्या दारात पोहोचल्या, एवढ्यात खालून फाटक वाजले आणि कोणीतरी हाक मारली.

"बाई, टपाल आहे!"

प्रवेशातले पहिले वाक्य. कठड्यावरून वाकून बघितले. खाली बोगुमिल. केस सगळे गेलेले, गुडघ्याला पट्टा, काखेत तपकिरी कागदात बांधलेले पार्सल.

"दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं आहे," तो म्हणाला. "वर जाऊ?"

आणि त्याने पहिल्या पायरीवर पाय उचलला, हवेत धरला आणि माझ्याकडे बघितले.

माझी जीभ टाळूला चिकटली. वालेंतीनाबाईंचे ओठ हलू लागले. मला ते दिसले आणि त्यांना कळले की मला दिसले. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड दाबून धरले. जन्मभर वाक्य पुरवणारी बाई, डोळे घट्ट मिटून उभी राहिली.

बोगुमिल हलला नाही. तो वर चढू शकला असता. त्याचा पाय थरथरू लागला, दुसरा गुडघा वाकू लागला, कपाळावर घाम आला, तरी पाय तसाच. मला दिसत होते की मी बोलेपर्यंत हा मूर्ख पाय खाली घेणार नाही, आणि एका मिनिटात तोंडावर आपटेल. मला राग आला. खरा, आईसारखा, पोटातून.

"पाय खाली घे! जिना ओला आहे!"

सगळ्या इमारतीला ऐकू गेले. बोगुमिलने पाय पायपुसण्यावर ठेवला, अगदी हळू, दिवाळे निघालेल्या माणसासारखा. मी पुन्हा म्हटले. जिना ओला आहे. तोंडात गोड लागत होते. तिसऱ्या मजल्यावरचे दार उघडले, तळमजल्यावरचे उघडले, कोणीतरी मुलाला उचलून कठड्याशी आणले. मग काय, थांबते कोण!

"वर कोण राहतं, बाई?"

"कोणी नाही. एक विधवा आणि कॅनरी."

"मग पार्सल कोणाचं?"

"कॅनरीचं असेल. ठेव खाली."

"खाली ठेवता येत नाही, बाई. ते हलतंय."

हे प्रवेशात नाही. मी बघितले. पार्सल खरेच हलत होते. बोगुमिलने ते दोन हातांनी छातीशी धरले, कागद फाटला, आणि नाताळचा जिवंत कार्प त्याच्या कोटावरून घसरून पायरीवर पडला आणि ओल्या जिन्यावर वरच्या पायरीकडे टणाटण उसळू लागला. बोगुमिल त्याच्यामागे वाकून ओरडत होता, "अहो, जिना ओला आहे! ऐका ना!"

इथे मी शिजले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मी कठड्याला धरून खाली बसले, पोट दुखेपर्यंत हसले, नाकातून आवाज काढून हसले, आणि हातातले मृत्युपत्र सुटून जिन्यावरून खाली गेले. बोगुमिलने ते बघितले आणि सवयीने आधी पाय दिला, मग उचलले. शेवटच्या पानावरचा दुसरा, मोठा, ओला ठसा त्याचा आहे.

मग तो वर आला. मी म्हटले म्हणून आला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या पायरीवर आम्ही शेजारी बसलो आणि त्याने पाचवे कलम वाचले. पुन्हा वाचले. मग चष्मा पुसला.

"मेलेल्या बाईचे शब्द घेऊन मी काय करू, तेओ? मला ओरडणारी बाई पाहिजे."

"देतेय ते घे. आणि दुसऱ्या साक्षीदाराचं बघ कोणीतरी. पांक्रात्सीचा पाय मुरगळलाय."

"पेन दे. मी करतो सही."

"अरे गाढवा, साक्षीदार झालास तर तुला काही मिळणार नाही. कायदा आहे!"

"म्हणूनच तर," तो म्हणाला, आणि माझ्या हातातून पेन काढून घेतले.

सबब कलम पाचव्यातली देणगी बाद. शब्द माझ्याकडेच राहतील आणि वापरले जातील. नववर्षाच्या आदल्या दिवशी नाटकगृहात "ओला जिना" होईल, जिनेवाली तेओफिला सोवा, पोस्टमन बोगुमिल स्रोका. मेलानियाने विंगेत उभे राहून बघावे. आम्ही दोघे गेल्यावर शब्द आणि पाय दोन्ही तिचे. वालेंतीनाबाईंनी पेटीत बसावे आणि या वेळी पुस्तक उघडे ठेवावे. शिजलेल्याने पार्टी द्यायची, ती मी देणार आहे. कार्प सध्या माझ्या आंघोळीच्या टबात आहे. तो कोणालाही तळायला देण्यात येऊ नये.

नोटरीसाहेब हे वाचून उरलेले केस उपटतील. आपोलोनिया वाचेल तेव्हा म्हणेल, सही तिची नाही, अक्षर हललेले आहे. अक्षर हललेलेच आहे. तिने खाली वालेंतीनाबाईंनी लिहिलेले वाचावे.

स्थळ: लुब्लिन, नारुतोविच रस्ता, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधली पायरी (ओली).
तारीख: २० डिसेंबर २०१८.

सही: तेओफिला सोवा

साक्षीदार पहिला: बोगुमिल स्रोका. मला काही मिळालेले नाही आणि माझी काही तक्रार नाही. तालीम उद्या सकाळी दहाला. तेओ, उशीर करू नकोस.

साक्षीदार दुसरी: वालेंतीना, प्रॉम्प्टर. वरील सही माझ्यासमोर झाली. मी एकही शब्द पुरवलेला नाही. सही करताना बाई पूर्ण शुद्धीत होत्या. फक्त शिजलेल्या होत्या.